पन्नासच्या जागी पस्तीस

बदलापूर-अंबरनाथच्या आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधल्या पंधरा-वीस जणांपैकी निम्म्यांना फोटो काढायचेच नसतात. आपण फोटो काढतोय असा आपला फोटो त्यांना हवा असतो. उरलेले लांबलचक झूम लावून या फुटपाथवरून त्या फुटपाथवरच्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या टिपतात, त्याचा रंग काढून टाकतात आणि खाली ‘संघर्ष’ असं लिहितात. म्हातारा बिचारा विठ्ठलवाडी डेपोत बसची वाट बघत असतो.

मी यांच्यातला नव्हे, हे मला सारखं दाखवून द्यावंसं वाटायचं. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. आलेला माल नापास करायचा, याचा मला पगार मिळतो. संध्याकाळी घरी येताना ती सवय गेटवर जमा करून येता येत नाही.

माझा कॅमेरा रेंजफाइंडर, फिल्मचा. यात लेन्समधून दिसत नाही. वरच्या बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीत पांढऱ्या रेषांची चौकट दिसते. चौकटीतलं तेवढं फिल्मवर येतं, बाहेरचं येत नाही, पण दिसत राहतं. ग्रुपमधल्या झूमवाल्यांना हे समजावून सांगताना मला फार बरं वाटायचं. त्यांना ते समजलं नाही की जास्तच बरं वाटायचं.

रस्त्यावरच्या फोटोंना लेन्स पस्तीस मिलिमीटरची बरी, जिच्यात आजूबाजूचं जास्त मावतं, की पन्नासची, यावर ही मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडेच्या आठवडे घालवतात. मी कित्येक वर्षं पन्नासच वापरली. मग ग्रुपच्या अ‍ॅडमिनने पन्नासची लेन्स घेतली आणि त्याच आठवड्यात मला पन्नासचा वीट आला. कारण अर्थात मी वेगळं सांगितलं. उल्हासनगरच्या मार्केटात पन्नास लावून मागे सरकलं की पाठ कपड्याच्या गठ्ठ्याला टेकते, तिथे पस्तीसच हवी, वगैरे. हे खरंही आहे. पण मी पस्तीस घेतली ती अ‍ॅडमिनला खिजवायला. उल्हासनगरातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या सिंधी दुकानदाराने ती काढून दिली. त्याचा पूर्वी कापडाचा धंदा होता. तो म्हणाला, "साहेब, पन्हा बडा लिया तो कपडा कभी कम नहीं पडता." त्या आठवड्यात लेन्सबद्दल मी ऐकलेलं शहाणं वाक्य तेवढंच.

याच सुमाराला बायको रविवारी माझ्याबरोबर यायला लागली. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात दोनच माणसं, आणि त्यांचं बोलणं म्हणजे दूध आलं का, गॅस लावला का. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "मी जादा नाइट मागून घेतल्यात. त्याच्या बदल्यात रविवार मोकळा मिळतोय. तुमच्याबरोबर फिरायला येत जाईन. काही महिने करून बघू या. नाहीतर आपलं दोघांचं काही खरं नाही आता."

इतकं स्पष्ट ती कधी बोलत नाही. मी म्हणालो, "ये की. फक्त मधे मधे येऊ नकोस." हा विनोद होता असं तेव्हा मला वाटलं होतं. आता लिहिताना शिसारी येते.

आम्ही निघायचो. ती शनिवारची नाइट करून आलेली असायची, आंघोळ करून लगेच बाहेर पडायची. मार्केटात मी खिडकीला डोळा लावला की ती रेषांच्या डाव्या बाजूला दिसायची. "अजून थोडी सरक. हां, आता बाहेर गेलीस. हलू नकोस." ती तिथे उभी राहायची. ती काही सांगत असली तर मी ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर करायचो. एकदा ती म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशी तुमची ही कला." मी खूप हसलो, आणि पुढच्या बैठकीत तेच वाक्य स्वतःचं म्हणून झूमवाल्यांना ऐकवलं.

त्याच बैठकीत एकाने तक्रार केली की चष्मा लावून पस्तीसची चौकट पूर्ण दिसत नाही, कडा खिडकीच्या बाहेर जातात. मी म्हणालो, "मला तर चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून दिसते. चष्म्याचं कारण कशाला, नजर असावी लागते." नाचता येईना अंगण वाकडं, असंही वर म्हणालो.

चार महिन्यांत चार रोल झाले. ते एकदम लॅबला पाठवले आणि स्कॅन ईमेलवर आले. पहिला फोटो उघडला तर डाव्या कडेला बायको. दुसऱ्यात बायको. लॅबवाल्यांनी काहीतरी घोळ घातला म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कॅमेरा हातात घेतला. माझ्या कॅमेऱ्यात लेन्स बदलली की चौकटसुद्धा बदलावी लागते. त्यासाठी वर एक कळ असते, ती हाताने फिरवायची. कळ पन्नासवर होती. चार महिने मी पस्तीसची लेन्स लावून पन्नासच्या चौकटीतून बघत होतो आणि जगाला पस्तीसची थोरवी सांगत होतो. कारखान्यात एखाद्या ऑपरेटरने हे केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी मेमो दिला असता.

मी ज्याला बाहेर समजत होतो ते सगळं फिल्मवर आलं होतं. पहिल्या रोलमध्ये ती माझ्याकडे बघून हसत काहीतरी सांगतेय, तोंड अर्धवट उघडं. दुसऱ्यात बघतेय, पण तोंड मिटलेलं. तिसऱ्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर चप्पल काढून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या बसल्या झोपलीय. चौथ्यात ती माझ्याकडे बघतच नाही. बांगडीवालीशी बोलतेय, आणि त्या बाईला हसू आवरत नाहीये. मधोमध मी निवडून घेतलेले हमाल आणि चहावाले होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जाण्यासारखं नव्हतं.

नवे फोटो दाखवायचे म्हणून मी तेच अंबरनाथच्या बैठकीत लावले. दुसरे नव्हतेच. अ‍ॅडमिन पुढे सरकून बसला.

"काका, कडक! ही बाई कोण? प्रत्येक फ्रेममध्ये कडेला आहे. काय कॉन्सेप्ट आहे!"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. "दिसली, घेतली."

टाळ्या वाजल्या. ज्यांना मी इतकी वर्षं मूर्खात काढलं त्यांच्या टाळ्या मला गोड लागल्या. माझी बायको आहे म्हटलं असतं तर कळीचं सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी तिला कुणीतरी करून टाकलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "कसे आलेत?" मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने सगळे फोटो सावकाश पाहिले. पायरीवरच्या फोटोपाशी थांबली.

"झोपले होते मी इथे."

"हो."

"तुम्ही तर म्हणायचात, मी बाहेर आहे."

मग मी तिला कळ समजावून सांगितली. पस्तीस काय, पन्नास काय, खिडकी कुठे, लेन्स कुठे. पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकून घेते तसं तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ग्रुपमध्ये आवडले?"

"आवडले."

"मी कोण ते विचारलं असेल ना कुणीतरी?"

मी चार्जरची वायर गुंडाळायला घेतली. तिने लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला गेली.

पुढच्या रविवारी ती लवकर तयार झाली. मी कॅमेरा कपाटातच ठेवला आणि बूट घालायला बसलो. आज नुसतं तिच्याबरोबर चालायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. ती म्हणाली, "मी विठ्ठलवाडीला बहिणीकडे चाललेय. आता रविवारी तिकडेच जात जाईन म्हणते."

"मीपण येतो. कॅमेरा नाही घेत."

"तुम्ही राहू द्या," चपलेचा पट्टा लावत ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. "तिकडे माझ्याशी बोलतात."