शहाबादी फरशीवरची रस्सीखेच

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले त्याच वर्षी, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, आमच्या कॉलनीच्या गणपतीत बायका विरुद्ध पुरुष अशी रस्सीखेच ठरली. पुरुषांतले निम्मे तालमीत घाम गाळलेले, आणि माझा नवरा त्यांचा कॅप्टन. "वहिनी, तुमी दोर नुसता धरा, वडायचं आमी बघतो की," शेजारचे भाऊजी म्हणाले. मला ते लागलं.

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. दोराला ताण दोन्हीकडून सारखाच असतो, ज्यांचे पाय जमीन घट्ट धरतात ते जिंकतात, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्यात मैदानात चिखल झालेला, म्हणून खेळ हॉलमधल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर हलवला.

चहा देताना मी नवऱ्याला सहज म्हटलं, "अहो, सगळ्यांनी फेटा आणि नवी कोरी कोल्हापुरी चप्पल घातली तर काय रुबाब दिसेल!"

तो खूश. लगेच घरोघरी निरोप गेले.

इकडे मी बायकांना रबरी तळव्याचे बूट शोधायला लावले. सासूबाईंनी तर सासऱ्यांचे फिरायला जायचे बूट, पुढे मोजे कोंबून, नऊवारीखाली चढवले.

शिट्टी झाली. "खाली बसा, मागं रेला!" मी ओरडले. आम्ही हललोच नाही. पुरुषांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, चपला करकरल्या, आणि त्या चामड्याच्या तळव्यांवरून ती अख्खी रांग फेट्यांसकट, ताठच्या ताठ, आमच्याकडे घसरत आली. जितकं ओढतील तितके जवळ येत होते. शेवटी नवरा माझ्या पायाशी बदकन बसला.

"ह्यात कायतरी काळंबेरं हाय! परत खेळायचं!" भाऊजी ओरडले.

"चहा झालाय, चला पावणं," सासूबाई आमच्या बाजूला येऊन बसलेल्या स्वतःच्याच मुलाला म्हणाल्या, आणि हॉलभर हशा पिकला.

घरी नवऱ्यानं चप्पल उलटी करून तळव्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापत राहिले. मग त्यालाच हसू फुटलं.

पुढच्या वर्षी सगळ्यांनी अनवाणी खेळायचं असा नियम आला, आणि आम्हाला त्यांनी हॉलच्या दारापर्यंत फरफटत नेलं. सासूबाई माझ्या अंगावर येऊन आदळल्या, पण दोर काही त्यांनी सोडला नाही.