भिंतीला लावायची गोधडी

दादा गेल्याची बातमी मला वहिनींनीच दिली, पण आपण काय सांगतो आहोत हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. दुपारचं जेवण उरकून मी जरा आडवी होत होते, तेवढ्यात फोन वाजला. वहिनींना दिसत नाही; फोनवर कुठलं बटण दाबलं की माझ्याकडे लागतो, हे दादाने त्यांच्या बोटांना शिकवून ठेवलं होतं. "मनू, तुझे दादा बोलत नाहीयेत गं," त्या म्हणाल्या. "मी दोनदा ओढून पाहिलं. कापड ढिलंच लागतंय." आवाज अगदी रोजचा होता, आज भाजी काय केलीस असं विचारतानाचा. मी टावर चौकातून ऑटो केली. देवास गेटच्या अलीकडे ती अडकली ती अडकलीच. "भैया, ज़रा जल्दी," मी म्हणत होते, आणि तो बिचारा, "कहाँ से निकालूँ दीदी, बाहर की सारी गाड़ियाँ यहीं घुसी पड़ी हैं," म्हणत हॉर्न वाजवत होता. शेवटी मी उतरून चालत गेले. दादा खोलीत जमिनीवर, पलंगाच्या पायाला पाठ लावून बसलेला होता. मान छातीवर आलेली. भोवती सुतळीने बांधलेली खोकी आणि जुन्या साड्यांची गाठोडी. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली सून वर आली होती. तिला सगळं कळलेलं दिसत होतं, पण सांगायचं कसं म्हणून ती पदर तोंडावर धरून दारातच उभी होती. आणि पलंगावर वहिनी, मांडीवरच्या कापडाचं टोक दोन्ही मुठींत धरून बसलेल्या. "वहिनी, सोडा आता ते," एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी सोडलं नाही.

दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर जन्मभर नोकरी केलेला माणूस. आमचं घराणं शिंद्यांच्या चाकरीत इकडे माळव्यात आलं, त्याला इतक्या पिढ्या लोटल्या की महाराष्ट्र आम्हाला लग्नापुरताच ठाऊक. दादाला तर मराठीत रागावताच येत नसे. रागावला की तो थेट हिंदीत जाई. असा हा माणूस निवृत्त झाल्यावर गोधड्या शिवू लागला, याचं आमच्या नात्यात कितीतरी दिवस हसू झालं. खरं तर गोधड्या शिवायच्या त्या वहिनी. गल्लीत कुणाकडे बाळ होणार असलं की त्या घरच्या जुन्या साड्या आपोआप वहिनींकडे येत. माळव्यातली थंडी अशी, की तान्ह्या बाळाला जुन्या सुती कापडाच्या उबेइतकं दुसरं काही मानवत नाही. पण साखरेने वहिनींचे डोळे नेले. आधी सुईचं नेढं दिसेना, मग सुई, मग आम्ही. शेवटची गोधडी अर्धी राहिली होती आणि शेजारची मुलगी बाळंतपणाला आली होती. वहिनी ती अर्धी गोधडी मांडीवर घेऊन नुसत्या चाचपत बसायच्या. ते दादाला बघवेना. एक दिवस त्याने सुई उचलली. "दे इकडे. टाका घालायला काय लागतं?"

काय लागतं ते त्याला वहिनींनी पुढचं वर्षभर दाखवलं. तो धावदोरा घालून गोधडी त्यांच्या हातात देई आणि त्या बोटं फिरवत. "हा टाका उठलाय. हाही. इथून उसवा." तो मुकाट्याने उसवी. मी एकदा म्हटलं, "दादा, एवढं बारीक कोण बघतंय?" तर म्हणाला, "ती बघते ना." गल्लीतले त्याचे सोबती विचारत, "क्या बाबूजी, दर्ज़ी हो गए?" तो म्हणे, "नहीं भाई, अभी तो काज-बटन भी नहीं आता." हळूहळू हात बसला. मग त्यांचा एक दिनक्रमच ठरून गेला. सकाळी वहिनींना इन्शुलिन टोचायचं, पोहे करायचे, वर शेव भुरभुरायची, भांडी विसळून ठेवायची, आणि मग तो पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बैठक मारी. वहिनी वर पलंगावर. कापडाचं एक टोक त्याच्या मांडीवर, दुसरं त्यांच्या हातात, म्हणजे थर सरकायचे नाहीत. तो शिवत जाई तसं त्या कापड ताणून धरत, सैल करत. बोलणं फारसं नसे. मी गेले की मला वाटे, आपण उगीच मध्ये आलो...

घर सोडायची वेळ येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. भाड्याचं असलं तरी वहिनी लग्न होऊन त्याच घरात आल्या होत्या. घरमालक भला माणूस. पण गेल्या काही वर्षांत आमच्या गावात दर्शनाला येणाऱ्यांची इतकी गर्दी वाढली, की गल्लीतल्या एकेका घराचा लॉज झाला. घरमालक स्वतः वर आले, खुर्चीच्या कडेवर बसले. "भाई साब, किस मुँह से कहूँ... बच्चे मान नहीं रहे." दादाने त्यांना चहा करून दिला. भांडला नाही, हुज्जत घातली नाही. ते गेल्यावर तो बराच वेळ जिन्याच्या तोंडाशी उभा होता. वहिनींना सगळं ऐकू गेलंच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लांब नको बघू हं घर." लग्नानंतर त्या दादाला कधी अरे-तुरे करत नसत. त्या दिवशी तोंडातून गेलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रसाद हैदराबादला असतो. तो म्हणाला, इकडे या. दादाला ते पटेना; तिथे वहिनींशी दिवसभर कोण बोलणार, असं त्याचं म्हणणं. त्याने नानाखेड्याकडे एका नव्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट पाहिला. स्वच्छ, हवेशीर, दोन खोल्यांचा. सामान हलवायच्या आधी वहिनींना सवय व्हावी म्हणून तो त्यांना रोज ऑटोने तिकडे नेऊ लागला. एकदा मीही गेले होते. दादा त्यांचा हात धरून सांगत होता, "हा पलंग इथे येईल. इथून उजवीकडे भिंत धरून चालत जायचं, की बाथरूम. आता तू एकटी जाऊन बघ." वहिनी निघाल्या. जुन्या घरात त्या चहाच्या पातेल्यापासून देवघरापर्यंत कशालाही न अडखळता फिरत. एका जागी फरशी उखडलेली, एका जागी उंबरा झिजलेला, कुठल्या भिंतीला ओल, कुठे खिडकीचं ऊन, सगळं त्यांच्या तळपायांना आणि तळहातांना पाठ होतं. इथे सगळीकडे तीच गुळगुळीत फरशी, त्याच गुळगुळीत भिंती. त्या कोपऱ्यात गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, तोंड भिंतीकडे. दादा थांबला. मीही. त्या वळल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, मला इथे आंधळं झाल्यासारखं वाटतंय."



त्यानंतर दादाने बाहेरची कामं घेणं बंद केलं. लोकांची गाठोडी नव्या घरी गेल्यावर सोडतो म्हणाला. आणि त्याने ती लांब गोधडी शिवायला घेतली. हातभर रुंद, आणि लांबीला पलंगापासून बाथरूमपर्यंत, तिथून पुढे स्वयंपाकघरापर्यंत. ती भिंतीला कमरेच्या उंचीवर ठोकायची, म्हणजे वहिनींनी हात लावून चालत गेलं की कुठे आलो ते कापडावरून कळेल. पलंगाजवळ त्यांच्या शालूचा काठ, जरीचा, बोटांना टोचणारा. मग आमच्या आईचं महेश्वरी लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. वळणावर प्रसादच्या शाळेतल्या चड्डीचं जाड कापड. बाथरूमच्या दाराशी खरखरीत टॉवेल. आणि स्वयंपाकघराकडे माझी एक रेशमी साडी, ती त्याने माझ्याकडून मागूनच नेली. प्रत्येक तुकडा आधी वहिनींच्या हातात देऊन विचारायचं, हे काय आहे सांग. प्रसादच्या चड्डीला त्यांनी लगेच ओळखलं आणि हसल्या. डोळे गेल्यापासून त्यांना तसं हसताना मी फार क्वचित पाहिलं.

मी शेवटची भेटले तेव्हा तो अतिशय थकलेला दिसला. दिवसभर भांडी कागदात गुंडाळायची, ट्रंका ओढायच्या, आणि मधल्या वेळात शिवायचं. बोटं सुजली होती. मी म्हटलं, "दादा, टेम्पो चार दिवसांनी सांग ना. घाई काय आहे?" तो म्हणाला, "घरमालकाला शब्द दिलाय." मग सुईत दोरा ओवत, माझ्याकडे न बघता, "टेम्पो यायच्या आत बाथरूमपर्यंत तरी व्हायला पाहिजे मनू. स्वयंपाकघराचं नंतर बघू. तिथे मी असतोच. पण बाथरूमला जायला तिला कुणाला हाक मारावी लागू नये." निघताना मी जिन्यातून वळून पाहिलं, तर दोघांच्या मध्ये ते कापड ताणलेलं होतं आणि वहिनी म्हणत होत्या, "सोडते आहे हं थोडं."

दहाव्याच्या आधीच टेम्पो आला. तो रद्द करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सकाळी खाली हॉर्न वाजत राहिला, मग ड्रायव्हर वर आला. "माल किधर है माताजी?" त्याने विचारलं आणि मग भिंतीला टेकून ठेवलेला दादाचा फोटो त्याला दिसला. मी म्हटलं, "भैया, अब घर नहीं बदलना है." त्याने चपला काढल्या, फोटोला हात जोडले, आणि जाताना म्हणाला, "इनसे ही तो बात हुई थी मेरी. कह रहे थे, एक पलंग ज़रा सँभाल के उतारना." वहिनी आतल्या खोलीत होत्या. त्यांनी टेम्पो निघून जाईपर्यंत ऐकला.

तेरावा झाल्यावर प्रसाद आवराआवर करू लागला. ज्यांच्या साड्या होत्या ते येऊन आपापली गाठोडी घेऊन गेले. काही कुणी नेली नाहीत. ती त्याने बोहारणीला दिली. नव्या फ्लॅटची किल्ली परत गेली. मग वहिनी म्हणाल्या, "ते कापड आण." मी आणलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि एका टोकापासून बोटं फिरवत निघाल्या. शालूचा काठ. आईचं लुगडं. मग चड्डीचं जाड कापड, म्हणजे वळण. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्या मनात चालत होत्या. टॉवेल जोडलेला होता, पण नुसता कच्च्या टाक्यांनी, आणि पक्का धावदोरा त्याच्या मध्यावरच थांबला होता. त्यांचं बोटही तिथे थांबलं. सुई अजून कापडात तशीच होती. ती त्यांनी काढली नाही, मलाही काढू दिली नाही. "तुझे दादा दारापाशी आले होते गं," म्हणाल्या. "दारापाशीच होते." त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या. आवाज करून, तोंड उघडं ठेवून, लहान मूल रडतं तशा. मी त्यांना जवळ घेतलं, पण मला त्यांचं रडणं थांबवता येईना आणि माझंही.

प्रसाद त्यांना हैदराबादला घेऊन गेला. मुलगा गुणी आहे, सून अवनी तर लेकीपेक्षा जास्त करते. बापाने शिवलेलं वाया जाऊ नये म्हणून प्रसादने ती गोधडी तिकडच्या भिंतीला लावून पाहिली. पण दादाने ती नानाखेड्याच्या घराच्या मापाने शिवली होती. तिकडे पलंगापासून बाथरूम डावीकडे आहे. वहिनी शालूच्या काठापासून निघाल्या, लुगड्यावरून गेल्या, वळणाचं कापड लागताच ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळल्या, आणि बंद कपाटावर त्यांचं कपाळ आपटलं. फार लागलं नाही. प्रसादने त्याच दिवशी ती काढून, घडी करून ठेवून दिली. आता त्या बाथरूमला जायचं असलं की हाक मारतात. अवनी म्हणते, बऱ्याचदा मारतच नाहीत, आणि मग चादर बदलावी लागते. हे सांगताना तिचा आवाज खाली येतो. तिला त्रास कामाचा नाही, त्यांच्या लाजेचा होतो.

मी दर दोन दिवसांनी फोन करते. वहिनी बोलतात, पण आपणहून काही विचारत नाहीत. "जरा उठून फिरत जा," मी म्हटलं एकदा. "उठून पोचायचं कुठे, ते सांग," त्या म्हणाल्या.

परवा अवनीने एक सांगितलं. वहिनी तिच्याशी बोलतात तेव्हा कधी तिच्याकडे तोंड करत नाहीत. ती कुठेही उभी असली तरी त्या पलंगाच्या पायथ्याकडे मान वळवून, खाली जमिनीकडे बघत बोलतात. पाणी हवं असलं, पंखा कमी करायचा असला, तरी तिथेच सांगतात. तिला आधी कळेना. मग एके दिवशी दुपारी ती हळूच त्या जागी जाऊन जमिनीवर बसली, पलंगाच्या पायाला पाठ लावून. वहिनींना चाहूल लागली. त्यांनी हात खाली केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. दादाला टक्कल होतं. अवनीचे केस लांब आहेत. वहिनींची बोटं त्या केसांत जराशी थांबली, मग त्यांनी हात अलगद मागे घेतला, आणि म्हणाल्या, "तू होय..."