पुढच्या सीटवरचा मफलर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. आयर्लंडमध्ये एनिस गावाजवळ मेडिकल डिव्हाइसच्या एका कारखान्यात मी व्हॅलिडेशनमध्ये आहे — म्हणजे कुणी "मशीन नीट चालतंय" म्हणालं की "सिद्ध करा" म्हणायचा मला पगार मिळतो. या पानावर लोक लिहितात ते असले अनुभव मी रविवारी चहासोबत वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. आज माझी पाळी. करा नापास.

मागच्या उन्हाळ्यात माझे वडील, अप्पा, वाईहून आमच्याकडे आले होते. भूगोलाचे मास्तर. आयुष्यभर फळ्यावर आफ्रिका काढली, खडू न उचलता, आणि मग केनियातली खचदरी दाखवायला त्यावर दोन रेघा. "मी बघितली नाही कधी, पण पोरांना दाखवली," असं ते हसत म्हणायचे. त्या हसण्याचं मला वाईट वाटायचं. म्हणून ऑगस्टमध्ये केनियाची सफारी ठरवली... मी, नवरा निखिल, लेक इरा आणि अप्पा.

मग सुरू झालं वाहनपुराण. नैरोबीहून मसाई माराला जायचं कसं? निखिलचं मत छोट्या विमानाला — तासाभरात थेट रानातल्या धावपट्टीवर, फक्त सामान थोडकं हवं. छप्पर वर उचलणारी व्हॅन होती, ती जरा स्वस्त. आणि मोठी जीप. अप्पांनी जीपवर बोट ठेवलं.

"अप्पा, पाच-सहा तास हाडं खिळखिळी होतील," निखिल म्हणाला.

"होऊ देत की. वाटेत खचदरी लागते. विमानानं गेलं तर तो काय प्रवास, नुसतं पोचणं."

जावई हरला. अप्पांनी पुढची सीटही स्वतःसाठी राखून ठेवली.

एक अडचण निघाली. निघायचा दिवस नेमका अमावास्येचा. अप्पा म्हणाले, त्यात काय, प्रस्थान ठेवू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — निघायचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ती वस्तू उचलून सोबत न्यायची. अप्पांनी आपल्या तपकिरी मफलरमध्ये तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधलं आणि शेजारच्या ब्रीडाकडे दिलं. ब्रीडा सत्तरीची, एकटी राहते, आणि तिला आमच्या कशाचंच नवल वाटत नाही.

"त्याला खायला घालायचंय का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नको. फक्त जपून ठेवा," अप्पा म्हणाले.

"मग हॉट प्रेसमध्ये ठेवते. इट'ल बी ग्रँड." हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. अप्पांचं प्रस्थान तिच्या टॉवेलांत उबेला बसलं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी अप्पांची छाती भरली. डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली आणि विमानप्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं. मी सगळं रद्द करायला निघाले, तर अप्पा चिडले. "पोरीचा हिरमोड करू नकोस. फक्त जा ते रस्त्यानंच." शेवटी निखिल म्हणाला, "तुम्ही दोघी जा. मी थांबतो अप्पांजवळ." पुढच्या वर्षी जाऊ, असं मी म्हणाले. अप्पांनी नुसती मान हलवली. त्यांच्या वयाला पुढच्या वर्षाचं वचन कोण देणार?

सकाळी टॅक्सीत बसत होते तर ब्रीडा सपाता घालून धावत आली आणि मफलरची गाठोडी माझ्या हातात कोंबली. "युअर मॅन सेड, निघताना न्यायचं." तिच्या बोलीत युअर मॅन म्हणजे 'तो माणूस', इथे अप्पा. घाईत मी ती बॅगेत टाकली. लक्षात आलं ते थेट नैरोबीच्या हॉटेलात... प्रस्थान ज्याचं तो घरी, आणि गाठोडी आफ्रिकेत. अप्पांना वाईट वाटेल म्हणून मी फोनवर काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. ड्रायव्हर जोसेफ, पन्नाशीचा, कमी बोलणारा. आम्ही दोघी मागे बसलो. पुढची सीट रिकामी बघवेना, म्हणून मी मफलर तिथं ठेवला. जोसेफनं गाडी सुरू केली.

खचदरीच्या कड्यावर थांबलो. काय सांगू... जमीन खाली सोडून दिल्यासारखी, आणि तळाशी निळसर धुकं. लाकडी कठडा होता, त्यातली एकच फळी नवी, बिनरंगाची. इरा तिच्यावर रेलून उभी राहिली. मला अप्पांच्या त्या दोन रेघा आठवल्या आणि रडू आलं. मागं वळले तर जोसेफ पुढचं दार उघडून अदबीनं उभा होता. थोडा वेळ थांबून त्यानं ते हलकेच लावलं.

"मॅम, हू'ज ही होल्डिंग द डोअर फॉर?" इरानं मला विचारलं. आयरिश पोरांसारखी ती आईला मॅम म्हणते.

मग तो टपरीवरून चहा घेऊन आला. चार कप. एक मला, एक इराला, एक त्याला. चौथा त्यानं जीपच्या बॉनेटवर ठेवला, पुढच्या सीटसमोर. "मझेसाठी. बिनसाखरेचा," तो म्हणाला. मझे म्हणजे तिकडे वडीलधारी माणूस.

अप्पांना मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचाच पितात.

"कोण मझे?" मी विचारलं. जोसेफनं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोंधळून हसला. "माहीत नाही, मॅडम. मला वाटलं, आहेत." भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. उलट घरचं कुणी भेटल्यावर वाटतं तसं वाटलं. चहा निवेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो.

व्हॅलिडेशनवाली बाई म्हणून मी सगळं तपासलं. त्याच्या कागदावर आमची दोघींचीच नावं होती. अप्पांबद्दल मी बोलले नव्हते, इरानंही नाही. आणि पुढे सगळी सफारी छान झाली, हत्ती-सिंह दिसले, ते सांगत बसत नाही.

घरी परतलो. अप्पांचा खोकला थांबला होता, चेहरा तजेलदार. मी गाठोडी त्यांच्या हातात दिली आणि ती कशी चुकून नेली ते सांगायला लागले. त्यांनी मफलर नाकाला लावला. तांबडी धूळ होती त्यात. ती तर आमच्या मोज्यांतही होती.

निखिल म्हणाला, "अगं, तुम्ही रस्त्यात होतात ना त्या सकाळी, अप्पा पूजा करून खुर्चीत बसले आणि डोळा लागला. जागे झाले ते चहा नको म्हणाले. 'आत्ताच झाला' म्हणे."

"आणि त्या नव्या फळीवर रेलत जाऊ नकोस," अप्पा इराला म्हणाले. "रंग नाही दिलेला तिला. पावसानं कुजेल."

त्या कठड्याचा फोटो आम्ही काढलाच नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं... नाहीये. इरा शपथेवर सांगते की ती काही बोलली नाही. मी अप्पांना सरळ विचारलं तर म्हणाले, "स्वप्न पडलं असेल. वय झालं." आणि उठून मफलर धुवायला टाकला.

मला यातलं काहीही सिद्ध करता येत नाही. निखिल मात्र परत सफारीच्या साइट उघडून बसला. "अप्पा, पुढच्या वर्षीचं आत्ताच बुक करतो. जीपच ना, रस्त्यानं?"

"नको," अप्पा म्हणाले. "आता विमानानंच जाऊ. रस्ता झालाय माझा बघून."