निळ्या तबकडीवरचा डाग

महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षी माझं लग्न भाईंदरच्या मिठागरवाल्यांकडे झालं. वडिलांनी जावयाला सोन्याचं खिशातलं घड्याळ दिलं, मुंबईत एका बड्या घराच्या लिलावात घेतलेलं. तबकडी गर्द निळी, आणि आकडे बारा नव्हेत, चोवीस! तासकाटा दिवसभरात एकदाच फिरायचा. बघायला सगळी आळी लोटली होती.

पावसाळ्यात सासूबाईंनी ते फडक्यात गुंडाळून मिठाच्या मडक्यात ठेवलं. "मिठात ठेवलेलं नासत न्हाय," हा त्यांचा कायदा. मासळी काय, कैऱ्या काय, घड्याळ काय, सगळं एकच! दिवाळीत काढलं तर निळी तबकडी तपकिरी, डागाळलेली.

सासरे दिवाळीला जमलेल्या भाऊबंदांसमोर कडाडले, "खऱ्या घड्याळाचा रंग जातो काय? आन् चोवीस आकडं कुठं असतात? व्याह्यानं नकली माल गळ्यात मारला. आता त्यानं हा उंबरा चढायचा न्हाय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वडिलांनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं.

"मिठात घातलंत तुम्ही आणि खोटे माझे वडील? मुंबईच्या कारागिराला दाखवा. मीही येणार."

"बाईमाणसाचं काय काम तिथं?"

"बाप माझा आहे!"

शेवटी सासरे, आमचे हे आणि मी, तिघं गेलो. कारागिराने काच काढली, काटे उतरवले, तबकडी उचलली. काच धरणाऱ्या कड्याखाली झाकलेली कड अजून निळीशार होती. तबकडीच्या पाठीला दोन बारीक खुंट्या, त्या आतल्या यंत्राच्या भोकांत चपखल बसत होत्या.

"चोवीस आकड्यांची ही तबकडी मागाहून बसवली असती तर नवी भोकं पाडावी लागली असती," तो म्हणाला. "आतली चाकंही चोवीस तासांचीच आहेत. माल अस्सल. रंग मिठाने खाल्लाय."

मी भिंगातून पाहिलं आणि मग भिंग सासऱ्यांच्या हातात दिलं. बघा म्हटलं, नीट बघा.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "झालं नव्हं? दे आता नवऱ्याला."

मी घड्याळ पदराला बांधलं. "आधी वडिलांना बोलवा. ज्यांच्यासमोर त्यांना खोटं म्हणालात, त्यांच्यासमोरच बोलवा."

महिनाभर घड्याळ माझ्या पदरालाच राहिलं. मीही हटले नाही. अखेर वडील आले. सासरे सगळ्या भाऊबंदांदेखत त्यांना सामोरे गेले, "चूक आमची," म्हणाले. वडील बिचारे अवघडले. तबकडी पाहून हळूच म्हणाले, "पोरी, नवी बसवून घेऊ."

"मुळीच नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "हा डाग तुमचा नाही, बाबा. ह्या घराचा आहे. राहू दे दिसत."