वाचून झालेला दगड

मल्लेश्वरमच्या देवळाबाहेर तेल-कुंकवाचा वास आला आणि मी थकून कट्ट्यावर टेकलो.

त्या वासाने माझे विद्यार्थीदशेतले दिवस आठवले. आमच्या कॉलेजात मध्ययुगीन इतिहासाचा विभाग तेव्हा नुकताच निघाला होता. यशवंतपूरजवळच्या एका शिलालेखाचा ठसा घ्यायला विभागाच्या सरांनी मला नेलं. दगडावर तेल-कुंकवाची पुटं चढली होती. मी ती घासून काढली, ओला कागद थापला, वर शाई लावली. रोज त्याची पूजा करणाऱ्या अक्का बाजूला उभ्या होत्या.

"वाचून झालं की पुन्हा देव होईल ना रे?"

"होईल की, अक्का."

पुढे दगड आम्ही विभागात आणला. मी तिथेच प्राध्यापक झालो आणि जन्मभर तोच लेख शिकवला. निवृत्तीच्या दिवशी कुंकवाची पुडी घेऊन त्याच्यासमोर गेलो. शेजारी पाटी होती : हात लावू नये. ती मीच लिहिली होती.