भोपळ्यावरचं नाव

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

उन्हाळ्यात आणलेला भोपळा आज पितराच्या स्वयंपाकाला काढला. सून म्हणाली, "आई, इतके महिने टिकला कसा?" मी सांगितलं, देठ मोडायचा नाही, धुवायचा नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही.

तिनं सुरी उचलली आणि मी तिचा हात धरला. आमच्यात अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नसतो.

"मग कोण घालणार? घरात आपण दोघीच आहोत."

हेच वाक्य मी आठ वर्षांची असताना ऐकलंय. पन्नासच्या दशकातली गोष्ट, चिखलीत तेव्हा शेतंच होती. वडील गेलेले, घाव घालायचा तो थोरला दादा. त्या चैत्रात त्यानं वेलावरच्या कोवळ्या भोपळ्यावर काट्यानं स्वतःचं नाव कोरलं. भोपळा फुगला तशी अक्षरंही मोठी झाली. आषाढात दादा इंद्रायणीत पोहायला गेला, तो परत आलाच नाही. भोपळा शिंक्यात टांगलेला होता.

वडिलांच्या पितराला आईनं तो खाली घेतला. नावावरून बोट फिरवत म्हणाली, "पोरी, घरात आपण दोघीच हाय गं." आणि परत टांगला. संक्रांत आली तरी तो नासला नाही. मी त्याच्याखालून डोळे मिटून जायचे.

तुमच्या घरात दोघीच असल्या, तर पहिला घाव कोण घालतं?

आज मी भोपळा चारी बाजूंनी फिरवून बघितला. नाव नव्हतं. मग सुरी मीच घेतली. तरी टेकवताना तोंडातून निघालंच, "दादा, सरक जरा."