दहा इंचांचा तवा

झाकण हललं म्हणून मला कळलं. नाहीतर त्या तव्यावर मी आणखी वर्षभर घावन काढले असते आणि दर घावनाला भावजयीच्या नावाने खडे फोडले असते.

तवा बिडाचा. बाबा अंबरनाथच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. जी वस्तू ओतायची तिचा आधी सागवानी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि मग त्यात वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा. नमुना करणं हे बाबांचं काम. त्यांच्या फाउंड्रीत एक रीत होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि तिच्या आदल्या दिवशी भट्टीत उरलेला रस कामगारांचा. ज्याला जे हवं ते त्याने घरासाठी ओतून न्यावं. कुणी खलबत्ता न्यायचा, कुणी शेगडीची जाळी. लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबांनी आईसाठी तवा ओतला. टेप लावली तर बरोब्बर दहा इंच, दोन बाजूंना दोन कान, आणि एका कानाखाली तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. ती त्यांची खूण. आईने त्यावर मापाने पितळी झाकण करून घेतलं होतं. ते इतकं घट्ट बसायचं की काढताना हिसका द्यावा लागायचा.

आई गेली तेव्हा धाकट्या भावाने कपाट नेलं, शिलाई मशीन नेलं. तव्याकडे बघून म्हणाला, "ताई, हे धूड तूच ठेव. आमच्याकडे सगळं नॉनस्टिक आहे." मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

नोकरी सुटल्यावर मला जुन्या बिडाचा नाद लागला. कॅम्प पाचच्या बाजारात एक जुन्या भांड्यांचं दुकान आहे. तो दुकानदार तवे, कढया, आप्पेपात्रं एका ढिगात टाकून भंगाराच्या भावाने विकायचा. ते बघून माझा जीव तुटायचा. मी स्टुलावर बसून एकेक भांडं उलटं करून त्याला दाखवायला लागले. हे बघा, पाठीवर ही आडवी जाड रेघ आहे ना, इथून रस ओतलाय, हे जुन्या पद्धतीचं काम. ह्याच्या पाठीवर ग्राइंडर फिरलाय, गोल गोल ओरखडे दिसतात, हे अलीकडचं. हे अक्षर उठावदार आणि धारदार आहे, म्हणजे अस्सल नमुन्यावरून काढलेलं. आणि हे अक्षर पुसट, कडा गोलावलेल्या, म्हणजे कुणीतरी तयार भांडंच वाळूत दाबून नक्कल काढली आहे. नक्कल मापातही मार खाते, कारण बीड गार होताना आकसतं. बाबा त्यासाठी नमुना मुद्दाम थोडा मोठा करायचे. नक्कल करणाऱ्याच्या हातात मोठा नमुना कुठला? त्यामुळे दहा इंचांच्या तव्याची नक्कल दोन-अडीच मिलिमीटर कमीच भरणार.

तो मन लावून ऐकायचा. चहा मागवायचा. नंतर नंतर तर नवा माल आला की फोन करायचा, "मॅडम, जरा आके देख लो, कितना पुराना है." मला काय, हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरे होतं. एकदा मी आमचा तवा पिशवीत घालून त्याला दाखवायला नेला. त्याने तो उलटा केला, कानाखालच्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ ठेवेचना. "देना हो तो बोलना."

"मरने के बाद," मी म्हटलं. "ये चीज दुबारा नहीं मिलेगी."

मग बिडाच्या भांड्यांची फॅशन आली. ज्यांनी आयांचे तवे भंगारात घातले होते तेच आता नवे विकत घेऊन फोटो टाकायला लागले. एका रविवारी भाऊ आला. "ताई, पोरांना बाबांच्या तव्यावरचे घावन खायचेत. आठ दिवस देतेस?" मला इतकं भरून आलं की मी तवा दिलाच, वर तांदळाचं पीठही दळून आणून दिलं. झाकण मात्र राहून गेलं.

पंधरा दिवसांनी तो गोणपाटात गुंडाळलेला तवा परत देऊन गेला. मी चाळीस वर्षं ज्या तव्यावर जेवले, त्यावर घावन चिकटला. मी ठरवूनच टाकलं की भावजयीने तारेच्या काथ्याने घासून सगळं तेल घालवलं असणार. दुसरा घातला, झाकण ठेवलं, आणि झाकण इकडून तिकडे सरकलं. कडेने वाफ जायला लागली.

गॅस बंद केला. तवा निवेपर्यंत धीर नव्हता, फडक्यात धरूनच टेप लावली. दहा इंच भरत नव्हते. उलटा करून कान बघितला. खूण होती, पण चघळून टाकलेल्या गोळीसारखी. जे मी दुकानातल्या स्टुलावर बसून जगाला शिकवत होते, ते माझ्या ओट्यावर पडलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. रडू आलं नाही, संताप आला. मागितला असता तर कदाचित दिलाही असता. वर्षातून सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, काहीही केलं असतं. पण पोरांच्या घावनाचं निमित्त करून, माझ्याकडून पीठ नेऊन, हे?

तवा आणि झाकण पिशवीत घालून रिक्षाने बदलापूर गाठलं. चामटोलीच्या रस्त्याला त्याचं नवीन कॉम्प्लेक्स आहे. हॉलमध्ये शिरले तर समोरच भिंतीवर तवा टांगलेला. त्याच्यावर छोटा दिवा सोडलेला.

"हा कुठला?" मी पिशवीतला तवा टीपॉयवर ठेवला. "आणि हा कुठला?"

आधी तो हसला. मग त्याने बायकोकडे बघितलं. ती पाणी आणायला आत गेली ती आतच राहिली.

"ताई, टेन्शन नको घेऊस. मी कॉपी करून घेतली. दोघांना एक-एक. फेअर आहे ना?"

"कुठून करून घेतलीस?"

"कॅम्प पाचला. तुझ्याच ओळखीचा आहे तो. बोलला, मॅडम का काम मतलब घर का काम."

"आणि खरा तू ठेवलास. मला न सांगता."

"मग काय मी डुप्लिकेट ठेवू?" त्याचा आवाज चढला. "मुलगा आहे मी बाबांचा."

बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना उठवलं-बसवलं कुणी, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी ते बोलले नाही. बोलले असते तर माझा मान उरला नसता. एवढंच म्हटलं, "काढ खाली. मी घेऊन जाते माझा."

त्याने तोंड पाडून तवा काढला. माझ्यापुढे ठेवला. मी पिशवीतून आईचं झाकण काढलं आणि त्यावर बसवलं.

झाकण सरकलं.

मी ते पुन्हा उचलून ठेवलं. पुन्हा सरकलं. तवा उलटा केला. कानाखाली तीच चघळलेली गोळी. पाठीवरची रस ओतल्याची जाड रेघसुद्धा पुसट आली होती. त्या दुकानदाराने एकाच्या दोन नकला काढून घेतल्या होत्या. एक नवी म्हणून दिली, एक जुनी म्हणून परत केली, आणि बाबांचा तवा स्वतःकडे ठेवला. भाऊ मला फसवत होता तेव्हा त्यालाही कुणीतरी फसवत होतं.

"बघ, कसं मस्त बसलं," भाऊ म्हणाला. त्याला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

मी झाकण पिशवीत टाकलं. "असू दे. ठेव तुझ्याकडेच."

त्याचे डोळे पाणावले. "ताई, तू ना, खरंच मोठ्या मनाची आहेस." भावजय पाणी घेऊन आली, मागोमाग चहाही आला. मी तो पूर्ण प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदार उठून उभा राहिला, त्याने स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, हे मात्र खरं. तवा विकला होता. कुणाला, ते आठवत नव्हतं.

"तुमच्यावर विश्वास टाकला होता मी," मी मराठीतच म्हटलं.

"मॅडम, आप ही ने तो बताया था," तो शांतपणे म्हणाला. "ये चीज दुबारा नहीं मिलेगी."

माझ्याकडे ना पावती ना पुरावा. असलंच तर एक सैल झाकण. मी परत फिरले.

भावाला मी आजतागायत सांगितलेलं नाही. त्याला दुखवायचं नाही, असं काही दिवस मी स्वतःला सांगून बघितलं. ते खोटं आहे. खरं हे की त्याला माझ्याकडून आता काहीही मिळू नये असं मला वाटतं, जे मला माहीत आहे तेसुद्धा नाही. माझ्याकडच्या नकलेवर आता घावन सुटतात, पण मी झाकण ठेवत नाही. एक स्टीलची ताटली पालथी घालते.

गेल्या खंडेनवमीला सकाळी त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. भिंतीवरून उतरवलेला तवा पाटावर, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या बाबांच्या हातचा तवा. ओरिजिनल.' मामा-मावश्यांचे नमस्कार येऊ लागले. मग त्याने मला वेगळा मेसेज केला, 'ताई, तू काहीच लिहिलं नाहीस?'

मी फोटो मोठा करून कान बघितला. मग ग्रुपवर जाऊन मीही हात जोडले.